नक्षी एकाच भिंतीवर: वडगावातल्या एका न्हाणीघराचं प्रकरण

बेळगावात फरशीच्या कुठल्याही दुकानात बाथरूमसाठी टाइल बघायला गेलं की समोर तीन शब्द येतात: लाइट, डार्क, हायलायटर. माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीचा. कंपनीने तिन्ही टाइलांचा संच आधीच जुळवलेला असतो आणि दुकानात लाकडी फळीवर तो लावूनच ठेवलेला असतो. खाली गडद, वर फिकी, मधून नक्षीचा पट्टा. फळी चार फूट रुंद असते आणि तिच्यावर नळ नसतो, आरसा नसतो, कमोड नसतो, खिडकी नसते. म्हणून ती छान दिसते.

वडगावातल्या एका घराचं काम माझ्याकडे आलं तेव्हा असा संच ठरून गेला होता, फक्त पैसे द्यायचे राहिले होते. साध्या टाइलबरोबर नक्षीची टाइल कुठे लावायची, किती लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाही, हे या एका कामात मला जितकं सविस्तर सोडवावं लागलं तितकं आधी कधी लागलं नव्हतं. म्हणून मापांसकट लिहिते.

घर विणकरांचं. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा पट्टाच मागांचा. या घरात आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले आणि आता पुढची खोली भाड्याने दिली आहे. घरात आज्जी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. आज्जींचे गुडघे धरलेले, त्यामुळे मागच्या अंगणातल्या न्हाणीपर्यंत पावसात जाणं नको झालं होतं. त्यांच्या झोपायच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली होती, तिचं बाथरूम करायचं होतं. गिलावा धरून आतलं माप साधारण 8 फूट बाय 5 फूट. दार लांब भिंतीत, डाव्या टोकाला. आत शिरलं की समोर बेसिन, उजवीकडे कमोड आणि त्याच्या पलीकडे शेवटचे तीन फूट अंघोळीला. अंघोळीकडच्या आखूड भिंतीत वर एक झडपेची खिडकी.

दुकानदाराच्या कागदावर हिशेब असा होता. 300 बाय 600 मिलिमीटरची टाइल आडवी लावायची. खालच्या तीन ओळी गडद तपकिरी, चौथी ओळ फुलांच्या हायलायटरची, त्याच्या वर सगळी फिकी. शिवाय अंघोळीच्या जागी हायलायटरचे दोन उभे पट्टे, जमिनीपासून वरपर्यंत. आडव्या ओळीत 12 नग, उभ्या पट्ट्यांत 14; दोन्ही छेदतात तिथले 2 नग एकदाच धरले तर 24 नग. एक नग जवळपास 1.94 चौरस फुटांचा, तेव्हा नक्षी झाली सुमारे 47 चौरस फूट. दार आणि खिडकी वजा केली तर भिंतींचं एकूण क्षेत्र 161 चौरस फूट भरतं. चौथ्या हिश्श्याहून जास्त नक्षीच, आणि तिच्याखाली तीन ओळी गडद.

मी वाद घातला नाही. आलेखाच्या कागदावर चारही भिंती काढल्या आणि त्यांच्यावर बेसिनचा नळ, आरशाची खालची कड, फ्लशची टाकी, हेल्थ फॉसेट (कमोडजवळचा हातात धरायचा फवारा), अंघोळीचा डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा), बादलीचा नळ, दाराची चौकट असं सगळं खऱ्या उंचीवर मांडलं. चौथी ओळ जमिनीपासून साधारण 3 ते 4 फुटांच्या मध्ये येते. बाथरूममधल्या निम्म्या वस्तू नेमक्या त्याच उंचीवर असतात. आडव्या ओळीतल्या 12 नगांपैकी 5 नगांवर काहीतरी येत होतं. फुलाच्या मधोमध डायव्हर्टरची गोल प्लेट, दुसऱ्या फुलावर आरशाची कड. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. वहिनी, म्हणजे घरातली सून, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फळीवर असं दिसत नव्हतं की ओ."

तिथून काम नव्याने सुरू झालं.

माझा पहिला विचार अंघोळीच्या आखूड भिंतीचा होता. हल्ली चित्रांत तेच दिसतं: शॉवरमागची एक भिंत पूर्ण नक्षीची आणि बाकी तिन्ही साध्या. पाच फूट रुंद, सात फूट उंच, एकच भिंत. मी रेखाटनही केलं. ते रद्द व्हायला दोन गोष्टी कारण झाल्या, आणि त्यांतली एक मला अंगणातल्या जुन्या न्हाणीत मिळाली.

त्या न्हाणीत काळा कडप्पा आहे, चाळीसएक वर्षांचा. तांब्याचा बंब ज्या कोपऱ्यात असायचा तिथे कडप्प्यावर पांढरा थर चढलेला, नखाने खरवडला तरी निघेना. घरात पाणी दोन तऱ्हेचं येतं. प्यायला नळाचं, बेळगावला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं ते. आणि वापरायला बोअरचं. बोअरचं पाणी जड. ते वाळलं की त्यातला चुना मागे राहतो. गुळगुळीत गडद फरशीवर तो सगळ्यात आधी दिसतो आणि मग घरातलं कुणीतरी ॲसिडची बाटली आणतं. ॲसिडने चुना निघतो हे खरं, पण सांध्यात भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटलाही ते तसंच खातं. वर्षभरात सांधे पोकळ, मग टाइलमागे पाणी. शॉवरची भिंत ही घरातली सगळ्यात जास्त भिजणारी भिंत, आणि नक्षीच्या टाइलला सांधेही जास्त, रंगही जास्त. शोभेची वस्तू नेमकी तिथेच ठेवायला माझं मन तयार होईना. कोणतं पाणी फरशीचं काय करतं हे पाहायला घरातली जुनी न्हाणी बघावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक कामात करते.

दुसरं कारण मापाचं. गिलावा धरून ती भिंत भरत होती 1474 मिलिमीटर. 300 ची टाइल आणि 2 मिलिमीटरचा सांधा धरला तर चार टाइल 1208 घेतात आणि उरतात 266. चार टाइल मिळून एक आकृती पूर्ण होणारी नक्षी असेल तर तिचे एका कोपऱ्यात तुकडे पडणार, नाहीतर दोन्ही बाजूंना वाटून दोन कोपऱ्यांत पडणार. वर खिडकी, मध्ये डायव्हर्टर. साध्या टाइलचा तुकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, नक्षीचा मात्र भरतो.

मग मी खोलीत गेले आणि आज्जींच्या खाटेवर बसले. दार उघडं ठेवलं. बसल्या जागेवरून आत काय दिसतं? कमोड दिसत नाही, शॉवर दिसत नाही, बेसिनची भिंत तेवढी दिसते. दार उघडल्यावर पहिली दिसणारी तीच, कोरडी राहणारीही तीच. बेसिनवर पाणी उडतं ते खालच्या एकदोन टाइलांवर, आणि ते रोज फडक्याने पुसलं जातं. जागा मिळाली.

आता रुंदी. बेसिनचा मध्य दाराच्या मध्याशी जुळवायचा म्हटलं तर तो डाव्या कोपऱ्यापासून 483 मिलिमीटरवर येत होता. तीन टाइलांचा पट्टा 906 चा, म्हणजे कोपऱ्याशी 30 मिलिमीटरची चिंधोटी उरत होती. अशी बारीक पट्टी कापायला कठीण, कापली तर तुटते, आणि लावल्यावर काम सांधल्यासारखं दिसतं. म्हणून पट्टा थेट कोपऱ्याला भिडवला आणि बेसिन 30 मिलिमीटर डावीकडे सरकवलं. प्लंबरला पाइप हलवायला सांगितला तेव्हा तो वैतागला. तीन सेंटिमीटरसाठी भिंत परत फोडायची? पण गिलावा व्हायचा होता, काम अर्ध्या तासाचं होतं. कोपऱ्याला भिडवल्याचा आणखी एक फायदा असा की पट्ट्याची एकच उभी कड मोकळी राहते. दुसरी कोपऱ्यात लपते. ओळंब्यात न बसण्याची भीती एकाच रेषेपुरती उरली. त्या कडेच्या उजवीकडे 1532 मिलिमीटर भिंत राहते, तिच्यात 600 च्या दोन अख्ख्या टाइल आणि अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा नीट बसतो.

साधी टाइल 300 बाय 600, आडवी. नक्षीची 300 बाय 300. दोन्हींची उंची एकच ठेवली म्हणजे आडवे सांधे एका रेषेत येतात आणि नक्षीचा पट्टा भिंतीला चिकटवलेल्या चित्रासारखा न दिसता भिंतीचाच भाग वाटतो. साधी आणि नक्षीची टाइल एकत्र लावताना मी आता रंग बघायच्या आधी हे बघते. रंग जुळला आणि रेषा तुटल्या तर डोळा रेषांकडेच जातो.

नक्षी कोणती हे आज्जींनी ठरवलं. दुकानातून दोन नमुने घरी आणले होते. एक मोरोक्कन म्हणतात तशी निळ्या-काळ्या मोठ्या ताऱ्यांची, दुसरी राखाडी जमिनीवर बारीक मरून चौकटींची. दुकानातल्या पांढऱ्याशक्क दिव्याखाली दुसरी मळकट दिसत होती, नातीने तिथेच नापास केली होती. घरी आणून खोलीतल्या दिव्याखाली ठेवली तर मरून उठून आला. 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्यात लाल रंग मरतो, 4000 च्या दिव्यात तो जिवंत राहतो. दुकानाच्या उजेडात कुणी रंग ठरवू नये.

आज्जींनी दोन्ही नमुने मांडीवर घेतले. मग सुनेला सांगून ट्रंकेतलं एक जुनं इरकल काढायला लावलं. अंग काळपट निळं, साधं. काठ लाल, पदराला लाल पट्ट्यावर पांढरे कंगोरे. म्हणाल्या, "अंग साधं असलं तर काठ दिसतोय. सगळीकडं फुलं काढली तर नेसणारी दिसत नाही." आणि मोठ्या ताऱ्यांच्या टाइलकडे बोट दाखवून, "ही लांबनं बघायची. पाच फुटांच्या खोलीत लांब कुठं हाय?"

मला हे असं कुणी नेमकं सांगितलं नव्हतं. नक्षीची आकृती किती मोठी असावी हे ती किती अंतरावरून बघायची आहे त्यावर ठरतं. दारातून बेसिनची भिंत पाच फुटांवर. आकृती फूटभर मोठी असेल तर इतक्या जवळून डोळ्यांत दोन-तीनच आकृत्या मावतात आणि त्या अंगावर येतात. बोटभर चौकटी दारातून एकसंध पोत वाटतात, आणि बेसिनशी उभं राहिलं की त्यांतली नक्षी कळते. मरून चौकट ठरली.

मग साध्या टाइलचा रंग. पांढरी घ्यायचा मोह सगळ्यांना होता. मी फिकी राखाडी सुचवली, नक्षीच्या टाइलची जी जमीन होती तिच्यापेक्षा एक छटा उजळ आणि चकाकी नसलेली, सॅटिन. नक्षीतलाच एक रंग उचलून बाकी भिंतींना दिला की दोन वेगळ्या कंपन्यांची टाइल एका घरातली वाटते. शुभ्र पांढरी शेजारी आली असती तर राखाडी जमीन मळलेली दिसली असती.

हिशेब असा बसला. नक्षी तीन रांगा, सात ओळी, 21 नग. फुटतुटीला 3 जास्त, एकूण 24. साधी 140 चौरस फूट, म्हणजे 73 नग, कापाकापीला दहा टक्के धरून 80. पाचाच्या पेटीने 16 पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का हे टेम्पोतून उतरवतानाच बघितलं. दोन पेट्या वेगळ्या शेडच्या निघाल्या, त्या तशाच परत पाठवल्या. भिंतीवर चढल्यावर हा फरक दुरुस्त होत नाही.

मुलाचा एक प्रश्न रास्त होता: बेसिनच्या खाली कुणाला दिसणार, तिथे साधी लावून सहा नग वाचवू या. नक्षीची टाइल चौरस फुटाला साध्याच्या चौपट भावाची होती. पण बेसिन भिंतीवर टांगतं होतं, खाली कपाट नव्हतं, आणि खाटेवरून दिसतो तो नेमका खालचाच भाग. अर्ध्यात थांबलेला पट्टा खिडकीच्या पडद्यासारखा लोंबकळल्यासारखा दिसतो. पट्टा जमिनीपर्यंत नेला.

खानापूरहून आलेल्या एका नातेवाइकांनी तिकडच्या लाल मातीच्या फरश्या भिंतीला लावायचं सुचवलं. खानापूरची कौलं, विटा, मातीकाम याबद्दल मला आपुलकी आहे, पण चकाकीचा थर नसलेली भाजलेली माती पाणी पिते. अंघोळीच्या भिंतीला ती चालत नाही. व्हरांड्यासाठी ती कल्पना राखून ठेवली.

आता जमिनीबद्दल, कारण नक्षी तिथेही शिरू पाहत होती. नातीला अंघोळीच्या जागी नक्षीची फरशी हवी होती. माझा नकार ठाम होता, आणि तो आज्जींमुळे. म्हाताऱ्या डोळ्यांना नक्षीच्या ओल्या जमिनीवर पाणी कुठे आहे आणि आकृती कुठे आहे हे कळत नाही. जमिनीला साधी, खरखरीत, 300 बाय 300 ची फरशी घेतली. छोटी फरशी उताराला चांगली वळते. दोन फूट बाय दोन फुटांची मोठी घेतली तर नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी उतार द्यायला ती तिरकी कापावी लागते. उतार फुटाला 4 मिलिमीटर. मात्र अंघोळीच्या तीन फुटांत तीच फरशी गडद राखाडी घेतली आणि बाहेर फिकी. उंबरा ठेवला नाही. रंग बदलतो तिथे ओलं सुरू होतं एवढं पायाला आधीच कळावं. कमोडमागची भिंत फिकी राखाडी आणि जमीन तिच्याहून गडद, त्यामुळे पांढरं कमोडही उठून दिसतं. धरायच्या दांड्या कुठे येणार ते टाइल लावण्याआधी भिंतीवर खडूने आखलं, आणि भोकं हातोड्याचा दणका बंद करून हिऱ्याच्या बिटने पाडली.

टाइल आत यायच्या आधी जमिनीला वॉटरप्रूफिंग करून 48 तास पाणी तुंबवून ठेवलं. अंघोळीच्या भिंतींना सहा फुटांपर्यंत लेप दिला. यावर घाई करणारे फार भेटतात. मे संपत आला होता, वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि मृगाच्या आत टाइल चढावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. तरी ते दोन दिवस आम्ही थांबलो.

फरशी मिस्त्री गोकाककडचे, कन्नड बोलणारे, मराठी उत्तम. आज्जींना अव्वा म्हणायचे. त्यांची पद्धत जुनी: टाइल पाण्यात भिजवायची, मागे सिमेंटची रबडी लावायची आणि भिंतीवर ठोकायची. साध्या टाइलला ते चाललं असतं. ती सिरॅमिक वॉल टाइल, तिचं अंग वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषतं, त्यामुळे सिमेंट तिच्यात धरतं. नक्षीची टाइल मात्र विट्रिफाइड होती. तिचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत, जवळजवळ काचच. तिला सिमेंट धरायला जागा नाही. हे तोंडी सांगून त्यांना पटेना, म्हणून दुकानातून आलेला एक फुटका नक्षीचा तुकडा त्यांच्याच पद्धतीने बाहेरच्या भिंतीला लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी करणीचं टोक घातलं तर तुकडा पाठ स्वच्छ ठेवून सुटला. त्यांनी तो उलटा करून बघितला, काही बोलले नाहीत, आणि टाइल ॲड्हेसिव्हची पोती कुठे ठेवलीत ते विचारलं. पोत्यावर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखालचा टाइप लिहिलेला असतो. विट्रिफाइडला टाइप 1 पुरत नाही, वरचा घ्यावा लागतो. ॲड्हेसिव्हवर लावताना टाइल भिजवायची नाही, हेही त्यांच्या हाताला नवीन होतं.

खरी अडचण लावायच्या आदल्या संध्याकाळी कळली. मिस्त्रींनी सवयीने दोन्ही टाइल जमिनीवर शेजारी मांडल्या आणि मला हाक मारली. "ताई, ह्यो दोन मिल्ली कमी हाय." साधी टाइल 300 भरत होती, नक्षीची 298. पेटीवर दोन्हीकडे 300 च लिहिलेलं. दोन कंपन्या, दोन मापं. सात ओळींत फरक 14 मिलिमीटरचा. ज्या रेषा जुळवण्यावर सगळी मांडणी उभी होती त्या वरच्या ओळीपर्यंत बोटाएवढ्या सरकल्या असत्या. माल बदलायचा तर आठवडा जाणार, आणि दुसऱ्या बॅचचं माप काय येईल ते कुणी सांगावं?

तोड मिस्त्रींनी काढली. साध्या टाइलला 2 चा स्पेसर (सांध्याची फट सारखी राखणारा तुकडा) ठरला होता, म्हणजे 300 आणि 2. नक्षीला 4 चा स्पेसर घ्यायचा, म्हणजे 298 आणि 4. दोन्हीकडे 302. आडव्या रेषा जमिनीपासून वरपर्यंत जुळणार. मी तिथल्या तिथे पाटीवर मांडून बघितलं, बरोबर होतं. सांधा जाड झाल्याने नक्षीचं काय होईल ही शंका होती, म्हणून चार नग 4 च्या फटीने मांडून दारातून बघितलं. चौकटीची नक्षी असल्यामुळे सांधा आणखी एक चौकट वाटला. ताऱ्यांची टाइल असती तर तारे फाटले असते. ग्राउट नक्षीच्या जमिनीच्या राखाडी रंगाचा घेतला. पांढरा घेतला असता तर सगळी जाळीच पुढे आली असती.

जाडीतही फरक होता, साधी 8.5 आणि नक्षीची 9.5 मिलिमीटर. नक्षीखालचा ॲड्हेसिव्हचा थर दाबून पातळ केला, आणि मोकळ्या कडेला स्टीलची बारीक पट्टी घातली. ती पट्टी ओळंब्यात बसवायला मिस्त्रींनी एक सकाळ खर्ची घातली. जुनी भिंत वरून खालपर्यंत इंचभर कलली होती. गिलाव्याने ती बरीचशी सरळ केली होती, पण पूर्ण नाही. साध्या टाइलच्या सलग भिंतीत असा कल जिरून जातो. नक्षीच्या कडेला तो लपत नाही.

लावायला सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली, लाकडी पट्टी पाणसळीत ठोकून. खालची ओळ जमीन झाल्यावर उतारानुसार कापून बसवली. बेसिनच्या टोकाला ती तीनएक सेंटिमीटर कापली गेली, अगदी तळाशी, नजर जात नाही अशा जागी. वरच्या ओळी अख्ख्या राहिल्या.

पट्ट्याच्या पाच ओळी झाल्यावर मिस्त्री चहाला बसले. आज्जी काठी टेकत दाराशी आल्या, आत न येता बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीतली मधली उलटी हाय." मला काही दिसेना, मिस्त्रींनाही नाही. चौकटी चारी बाजूंनी सारख्याच वाटत होत्या. त्यांनी काठीचं टोक लांबूनच दाखवलं: मरून चौकटीच्या आत एक बारीक फिकी रेघ होती, बाकी सगळ्या टाइलांत डावीकडे, या एकीत उजवीकडे. टाइल 180 अंशांत फिरली होती. ॲड्हेसिव्ह अजून ओलं होतं. मिस्त्रींनी ती हलक्या हाताने सोडवली, पाठ पुसली, फिरवून परत बसवली आणि म्हणाले, "अव्वा, तुम्ही मागावर किती वर्षं?" "लग्नाच्या आधीपासनं. धागा चुकला की कापड लांबनंच सांगतंय," आज्जी म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक नगाच्या पाठीवरचा बाण बघून तो वर करूनच टाइल लावायची असं ठरलं. बाण होता, आम्ही कुणी बघितला नव्हता.

अंघोळीच्या जागी भिंतीत एक कोनाडा ठेवला, साबण-शिकेकाईला. त्याच्या आत उरलेली नक्षी लावायची मुलाची फार इच्छा होती, तीन नग होतेच. मी नको म्हटलं. एक नक्षी दारातून दिसणारी, दुसरी शॉवरखाली. डोळा दोघींत ओढाताण करत बसतो. कोनाडा साध्या टाइलचा, तळाला काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन, म्हणजे पाणी आत साचत नाही. अंघोळीच्या जमिनीला आणि भिंतींना इपॉक्सी ग्राउट भरलं. ते ॲसिडला दाद देत नाही, पाणी पीत नाही आणि बेळगावची लाल माती पावलांबरोबर आत आली तरी सांधे तांबूस होत नाहीत. भरताना मात्र थोडं थोडं कालवावं लागतं, पाऊण तासात ते घट्ट होतं, आणि टाइलवर लागलेला थर लगेच पुसला नाही तर कायमचा राहतो. बेसिनच्या भिंतीला साधं सिमेंटचं ग्राउट पुरलं.

उरलेले तीन नग आणि पेटीवरचा बॅच नंबर असलेला पुठ्ठा वहिनींनी माळ्यावर ठेवला आहे.

पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला परत बघायला गेले. शॉवरच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके होते, पण फिक्या राखाडीवर ते जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हते; वहिनी आठवड्याला व्हिनेगर घातलेल्या फडक्याने पुसतात. नक्षीची भिंत लावली त्या दिवशीसारखीच. रेषा जुळलेल्या. एक गोष्ट मात्र माझ्याकडून चुकली होती. दिव्याचा पॉइंट आधीच्या बेसिनच्या मध्यावर काढलेला होता. बेसिन 30 मिलिमीटर सरकवलं तेव्हा पाइप हलवला आणि दिव्याची वायर हलवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. आता आरसा बेसिनच्या मध्यावर आहे आणि वरचा दिवा बोटभर उजवीकडे. साध्या भिंतीवर हे खपलं असतं. चौकटींवर ते मोजून दाखवता येतं. आज्जींनी दाखवलंही. लांब पट्टीचा दिवा लावला की पॉइंट त्याच्यामागे झाकतो आणि मध्य जुळवता येतो. तो मी त्याच आठवड्यात माझ्या खर्चाने बसवून दिला.

दुसरी गोष्ट बेसिन आणि भिंत यांच्यामधल्या सिलिकॉनची. तिथे काळी बुरशी आली होती. चार महिने झड आत येते म्हणून खिडकीची झडप बंदच ठेवली होती आणि एक्झॉस्ट फॅन आवाज करतो म्हणून लावत नव्हते. जुनं सिलिकॉन ब्लेडने कापून काढलं, जागा दोन दिवस कोरडी ठेवली, बुरशीविरोधी सिलिकॉन भरलं, आणि फॅनचं बटण दिव्याच्या बटणाला जोडून टाकलं.